समारिनचं तोंड

इरावतीला राग यायला फार मोठं कारण लागत नसे. दूधवाल्यानं जरा जास्त पाणी घातलं की ती त्याला फाटकातच उभं करून त्याच्या बापजाद्यांपर्यंत पोचायची. सरकारी शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हा वर्गातली दांडगी पोरंसुद्धा तिच्या तासाला रंगपेटी विसरत नसत. निवृत्त झाल्यावर रायपूरच्या शंकर नगरातल्या घरात हा सगळा राग मुलाच्या, श्रेयसच्या, वाट्याला आला होता आणि त्यानं तो हसण्यावारी न्यायची सवय लावून घेतली होती. पण त्या सकाळी पुरानी बस्तीतल्या टंकी बगीच्यात तिला जो राग आला त्यानं तिची वाचाच बसली. हातातली बादली तिनं खाली ठेवली, तीसुद्धा आवाज न करता.

दरवर्षी तीजेच्या आठवडाभर आधी ती इथं यायची. आपल्याकडची हरतालिका तीच इथली तीजा, तिथी एकच. पावसाळ्यात सिमेंटच्या मूर्तीवर शेवाळ चढतं, ते काथ्याच्या कुंच्यानं घासून काढायचं, एवढंच काम. मूर्ती एका रेजाची होती. रेजा म्हणजे बांधकामावरची मजूर बाई. रायपुरातल्या मराठी घरांतही तिला रेजाच म्हणतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर विटांचं घमेलं, पोटरीपर्यंतच येणारं लुगडं, अनवाणी पाय, आणि कुणीतरी मागून हाक मारावी तशी एका अंगाला वळलेली मान. पुढचा एक दात किंचित बाहेर. इरावतीच्या वडिलांनी, यज्ञेश्वर मूर्तिकारांनी, ती घडवली होती.

आज तिच्याभोवती बांबू रोवून हिरवी जाळी लावलेली. जाळी सारून इरावती आत गेली तर समोर एक सोनेरी बाई उभी. पोटरीपर्यंतचं लुगडं पायघोळ नऊवारी झालेलं. विटांच्या घमेल्याचा मंगलकलश झालेला, त्यात सिमेंटची आंब्याची पानं आणि सिमेंटचा नारळ. नाकात बांगडीएवढी नथ. आणि तोंड गोल, गुळगुळीत, खातंपितं, कुणाचंच नसलेलं. तो दात गेला होता.

शिडीवर भैय्यालाल मिस्त्री कलशाला सोनेरी रंगाचा दुसरा हात देत होता. इरावती शिडीच्या पायथ्याशी गेली.

"ये क्या कर रहे हो, भैया?"

"उमाबाई बना रहे हैं, दीदी. मराठी हितवर्धक सभा का ऑर्डर है. तीजा के दिन उद्घाटन है."

"और पुराना चेहरा? वो अंदर है ना? ऊपर से ही माल लगाया है ना?"

भैय्यालालनं कुंचा डब्यावर आडवा ठेवला. आपल्या कामाविषयी कुणी नीट विचारलं की माणूस खुलतो, तसा तो खुलला. "अंदर कुछ नहीं है दीदी. पुराने सिमेंट पे नया माल ऐसे थोड़ी पकड़ता है. पूरे मुँह पे छेनी मारी, नाक-होंठ झड़ा दिए, तब जाके पकड़ा. अभी भी कच्चा है. मैं तो बोला था पानी का मौसम है, सूखने दो. पर कार्ड छप गया है, बोले."

टाचे मारले होते. गुळगुळीत भिंतीवर गिलावा बसावा म्हणून आधी छिन्नीनं खड्डे पाडतात, ते टाचे. मूर्तिकाराच्या घरात वाढलेल्या पोरीला यापुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती. रंग खरवडता येतो, पुट्टी भिजवून काढता येते, वरचा सिमेंट हलक्या हातानं उडवता येतो. टाचे मारलेलं तोंड परत येत नाही. इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथून कुठं जावं हे न कळून तिथंच राहिली.

समारिन अभनपूरकडच्या एका खेड्यातली. गणपतीच्या दिवसांत ती यज्ञेश्वर मूर्तिकारांच्या कारखान्यात माती वाहायची आणि एरवी शहरात रेजाचं काम करायची. कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं छप्पर. लहानग्या इरावतीला ती मळलेल्या मातीचा गोळा चोरून द्यायची, आणि बाबांनी पाहिलं की तोंड दाबून हसायची; तेव्हा तो दात बाहेर यायचा. मग या बगीच्यात पाण्याची टाकी बांधायला काढली. अर्धी झालेली टाकी परांचीसकट खाली आली, आणि समारिन व तिच्यासोबतच्या रेजा तिच्याखाली गेल्या. ठेकेदार गाव सोडून गेला. टाकी पुन्हा बांधली नाही. मेलेल्यांची नावं कुठल्या दगडावर लागली नाहीत, पण बगीच्याला मात्र लोक आजही टंकी बगीचाच म्हणतात.

पुढच्या वर्षी बगीच्याच्या शोभेसाठी एक 'महिला मूर्ती' हवी म्हणून यज्ञेश्वरांना नगरपालिकेचं काम मिळालं. तिथल्या साहेबाच्या मनात घडा घेतलेली, कमरेत लचकणारी कुणीतरी असावी. यज्ञेश्वरांनी समारिन उभी केली. साहेब पाहायला आले, म्हणाले, बाकी ठीक, दात जरा आत घ्या. यज्ञेश्वर म्हणाले, "दात आत जाणार नाही. नको असेल तर बाईच परत घेऊन जातो." बाई राहिली.

समारिनचा फोटो नव्हता. त्या काळी रेजाचा फोटो कोण काढणार? तिच्या मागं एक सहा वर्षांची पोरगी होती, रमशीला. यज्ञेश्वरांनी तिला इथं आणून मूर्तीपुढं उभं केलं आणि सांगितलं, ही तुझी दाई. छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात. पोरीनं हात वर केला, तो तोंडापर्यंत पोचेना, म्हणून तिनं पाय धरले.

रमशीलाचं लग्न झालं आणि तीजा आली. इकडं तीजेला सासुरवाशीण माहेरी येते. आदल्या संध्याकाळी करू भात म्हणजे कारल्याची भाजी आणि भात खाते, दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास धरते आणि माहेरचं नवं लुगडं नेसते. ज्या बाईला तीजेला माहेर नाही तिच्याकडे गावातल्या बाया कसं बघतात ते फक्त तिलाच माहीत असतं. रमशीलाला ना आई, ना बाप, ना भाऊ. यज्ञेश्वर स्वतः बसनं जाऊन तिला घेऊन आले, घरी करू भात खाऊ घातला, आणि सकाळी मूर्तीच्या पायाशी लुगडं ठेवून तिला म्हणाले, घे, दाईनं दिलंय. ते गेल्यावर हे काम इरावतीनं चालवलं. रमशीला आता साठीला टेकली होती, तिला नातवंडं होती, तरी दर तीजेला ती माहेरी यायची. तिचं माहेर म्हणजे हे तोंड.

इरावती तशीच, बादली तिथंच टाकून, भार्गवरावांच्या घरी गेली. भार्गवराव सभेचे अध्यक्ष. लहानपणी एकाच गल्लीत विटीदांडू खेळलेले, तिच्याहून दोनतीन वर्षांनी मोठे. ओसरीवर ते निमंत्रणपत्रिकांवर नावं घालत बसले होते, आणि तिला पाहून त्यांना खरोखरच आनंद झाला. तेच इरावतीला सहन झालं नाही.

"ये, ये इरा! तुह्याच घरी निघून राहिलो होतो. नारळ तुह्या हातून फोडायचा ठरलाय. यज्ञेश्वरकाकांचा सन्मान नको का व्हायला?"

"सन्मान?" इरावती म्हणाली. "भार्गवभाऊ, तुम्ही बाबांच्या मूर्तीचं तोंड फोडलं. काहून?"

"फोडलं काय म्हणते? रूप दिलं! मले सांग, आपल्या माणसानं केलेली मूर्ती, अन् तिच्यात आपली बाई नाही, हे काय बरं दिसते? आमच्या आजीनं, उमाबाईनं, सभेला जागा दिली. तिचा एक पुतळा नाही या शहरात. नवा करायला सभेजवळ पैसा कुठं आहे? मंग मले सुचलं. बाई उभी आहेच. आपल्याच कलाकाराची आहे. डोक्यावर घमेलं होतं, त्याचा कलश केला. काय वाईट झालं?"

त्यांचा चेहरा असा उजळलेला होता, की ही युक्ती आपल्याला सुचली याचं कौतुक अजून त्यांचं त्यांनाच सरलेलं दिसत नव्हतं. आतून चित्रावहिनी चहा घेऊन आल्या. इरावतीनं कपाकडे पाहिलंही नाही.

"ती बाई कुणीतरी होती, भाऊ. समारिन तिचं नाव. टाकीखाली मेली. तिची पोरगी दर तीजेले येते तिथं. मी सभेच्या स्मरणिकेत लिहिलं होतं सगळं. संपादक तुम्हीच होते."

भार्गवराव जरासे हसले. "अवं, स्मरणिका कोण वाचते? माणूस आपली जाहिरात कुठं आली ते पाहते." मग त्यांच्या ध्यानात आलं की ही हसून राहिलेली नाही, आणि त्यांनी समजुतीचा सूर लावला. "हे पाय, आम्हाले माहीत नव्हतं. महापालिकेतही विचारलं. तिथंही शोभेची मूर्ती म्हणूनच नोंद आहे. आता तूच म्हणते आतलं तोंड गेलं. मंग थांबवून काय होते? जुनंही गेलं, नवंही जाईन. झालं ते झालं."

झालं ते झालं. ज्यानं केलेलं असतं तोच हे म्हणतो, आणि कधी नव्हे इतक्या लवकर म्हणतो. इरावतीला ते ओसरीवरचं सगळं उचलून फेकावंसं वाटलं, पत्रिका, चष्मा, चहा, सगळं. पण खरंच, थांबवून काय होणार होतं? ती तरातरा बाहेर पडली, आणि उत्तर नसल्याचा राग पहिल्या रागात मिळून दुप्पट झाला.

पुढचे दिवस तिनं पायाला भिंगरी लावली. महापालिकेच्या झोन कार्यालयात गेली. तिथला माणूस म्हणाला, मॅडम, शिकायत कुणी केली नाही, उलट आभाराचं पत्र आलंय सभेचं. आणि लोक तर पुतळे पळवतात, तोडतात. तुमची सभा रंगवून देतेय, आणखी काय पाहिजे? तिनं विचारलं, तुमच्या आईचं नाक फोडून त्यावर माझ्या आजीची नथ घातली तर चालेल? त्यानं पंख्याकडे पाहिलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. तिथल्या पोरानं सगळं ऐकून विचारलं, पुराना कोई फोटो है क्या? बिना फोटो के स्टोरी नहीं बनती. इरावतीनं जुने अल्बम काढले. मूर्तीपुढं उभे राहून काढलेले दोन फोटो निघाले. एकात श्रेयस बाळ होता आणि मूर्तीची फक्त कंबर आली होती, दुसऱ्यात घमेल्याची सावली पडून तोंड काळं झालं होतं. रोज जी गोष्ट डोळ्यांसमोर आहे तिचा फोटो कोण काढून ठेवतं? आपल्यालाही सुचलं नाही, म्हणून ती स्वतःवरही भडकली.

"मम्मी, छोड़ो ना," श्रेयस म्हणाला. त्याला मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीत यायचं. "बीपी बढ़ जाएगा आपका. रमशीला मौसी को प्यार से समझा देंगे."

"काय समजावशील?" इरावती ओरडली. "तुह्या आईचं तोंड माह्या लोकांनी छिन्नीनं फोडलं, हे प्यार से सांगशील? सांग मग! उद्या येऊन राहिली ती."

श्रेयस आपल्या खोलीत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी न सांगता गाडी घेऊन बसस्टँडवर गेला आणि रमशीलाला घेऊन आला.

रमशीला आली तीच हसत. पिशवीत कारली, चिवड्यासारखं तळलेलं काहीतरी, नातीनं केलेली मोगऱ्याची वेणी दाईच्या पायाशी ठेवायला. ओट्याजवळ बसून तिनं कारली चिरली. इरावती तिच्याकडे पाठ करून तांदूळ धूत राहिली.

"रमशीला, उद्या नको जाऊ बगीच्यात," जेवताना ती म्हणाली. "घरीच पूजा करू."

"काबर, दीदी?"

काबर म्हणजे का. इतका साधा प्रश्न, आणि इरावतीनं उत्तर ताटाकडे पाहत दिलं. "सभेच्या लोकांनी मूर्तीले रंग दिला. सोनेरी. कार्यक्रम आहे उद्या, गर्दी राहीन."

रमशीला खळखळून हसली. "रंग त हर साल कोनो न कोनो लगाथे, दीदी. एक पइत हरियर लगाय रहिन, सुरता हे? पानी गिरही, धोवा जाही." रंग दरवर्षीच कुणीतरी लावतं, एकदा तर हिरवा लावला होता, पाऊस पडला की धुतला जाईल, असं तिचं म्हणणं. मग ताटातलं कारलं भातात कालवत, अगदी सहज म्हणाली, "दाई बाट देखत होही."

दाई वाट पाहत असेल. पाण्यानं धुऊन जाईल या विश्वासावर ती बाई झोपली, आणि इरावतीनं तो विश्वास मोडला नाही. रंगाखाली काय आहे ते सांगितलं नाही. निदान वरचं खोटं तोंड तिथं आहे तोवर आतलं तिला दिसणार नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

सकाळी बगीच्यात मांडव होता. भोंग्यावर आरत्या लागलेल्या. नऊवारी नेसलेल्या, निर्जळी उपासानं ओठ सुकलेल्या बायका वाळूच्या पिंडीची ताटं घेऊन बसल्या होत्या. कुणी एक साहेब पाहुणे म्हणून आले होते आणि सारखे घड्याळ पाहत होते. इरावतीसाठी मंचावर खुर्ची होती, तिच्यावर नावाची चिठ्ठी होती. ती तिथं गेली नाही. रमशीलाचा हात धरून ती एका बाजूला, गुलमोहराखाली उभी राहिली. श्रेयस मागं उभा होता. त्याच्या हातात नव्या लुगड्याची पिशवी होती. लाल काठाचं, जांभळं लुगडं, या वर्षीचं.

भार्गवरावांनी दोरी ओढली. पडदा खाली आला. टाळ्या पडल्या.

रमशीला बराच वेळ वर पाहत राहिली. तिचे डोळे एकाच जागी फिरत होते, ओठांपाशी. ती दात शोधत होती, हे इरावतीला कळलं, आणि तिनं नजर वळवली. मग रमशीलानं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, गर्दीतून वाट काढत चौथऱ्याशी गेली आणि खाली बसली. तिनं सोनेरी पायांवरून हात फिरवला. भैय्यालालनं पायांना फक्त रंगच दिला होता. भेगाळलेली टाच तशीच होती, बोटं तशीच फाकलेली, करंगळी तशीच वाकडी.

ती मागं वळून इरावतीकडे पाहत हसली. "गोड़ हे, दीदी! ए गोड़ मोर दाई के आय!"

पाय आहेत. हे पाय माझ्या आईचे. तिनं वेणी तिथं ठेवली आणि लहानपणी ठेवायची तसं कपाळ त्या पायांवर टेकवलं. इरावतीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिथंच जर ते संपलं असतं तर बरं झालं असतं.

पण भार्गवरावांच्या हातात माईक होता. "पाहा, पाहा!" ते गहिवरून म्हणाले. "खेड्यापाड्यातली बाईसुद्धा आमच्या उमाबाईच्या पाया पडून राहिली! याले म्हणतात पुण्याई! फोटो घ्या भैया, फोटो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाला पुढं धावला. "अम्मा, थोड़ा इधर. हाथ जोड़ के. हाँ, ऊपर देखो, माताजी की तरफ."

रमशीलानं गोंधळून हात जोडले आणि वर पाहिलं.

त्या क्षणी चित्रावहिनींनी इरावतीपुढं ताट धरलं. "इरावती, नारळ." त्या बिचाऱ्या ठरल्याप्रमाणे करत होत्या. इरावतीनं नारळ उचलला. हार घालायला ठेवलेला लाकडी घोडा मूर्तीपाशी होता, ती त्याच्या पायऱ्या चढली. साठी ओलांडलेली बाई इतक्या झटक्यानं चढली की लोकांना ते कौतुकाचंच वाटलं, काहीजण परत टाळ्या वाजवू लागले. तिनं नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि त्या गोल, सोनेरी, खात्यापित्या गालावर आपटला.

पहिल्या घावाला नथ उडाली. दुसऱ्या घावाला नारळ फुटला आणि त्याच्यासोबत, घाईनं मारलेला, पावसात न सुकलेला सगळा माल नाकागालासकट सुटून धपकन चौथऱ्यावर पडला. आत राखाडी सिमेंट होता. नाक नव्हतं, ओठ नव्हते, डोळे नव्हते. छिन्नीचे खड्डेच खड्डे होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

भोंग्यावरची आरती कुणीतरी बंद केली.

"ही पाहा तुमची पुण्याई!" इरावतीला माईक लागला नाही. "ही समारिन आहे. इथं, या जाग्यावर, टाकीखाली मेली. तिचं एवढंच तोंड उरलं होतं दुनियेत, ते तुम्ही छिन्नीनं फोडलं अन् वरून नथ घातली! अन् तिच्याच पोरीले तिच्यापुढं हात जोडायले लावून राहिले! काढा फोटो! आता काढा ना! हात काहून थांबले?"

पाहुणे साहेब उठून उभे राहिले होते. भार्गवरावांच्या तोंडाचा रंग उडाला होता. एक क्षण, एकच क्षण, इरावतीला फार बरं वाटलं. आठवडाभर साचलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं होतं.

मग तिनं खाली पाहिलं. रमशीलाचे हात अजून जोडलेले होते, आणि ती वर पाहत होती.

आठवडाभर जे तिच्यापासून लपवलं, काल रात्री तिच्यासोबत जेवतानाही लपवलं, ते इरावतीनं स्वतःच्या हातानं तिच्यासमोर फोडून ठेवलं होतं. रागाच्या भरात तिला समोरची सगळी सभा दिसली. पायाशी बसलेली एकटी बाई तेवढी दिसली नाही.

रमशीला रडली नाही. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि श्रेयसजवळ गेली. "दे बेटा," म्हणाली, आणि पिशवीतून नवं लुगडं काढलं. त्याची घडी मोडली. इरावती मुकाट्यानं घोड्यावरून उतरली, तशी ती चढली. वय झालेल्या हातांनी तिनं ते जांभळं लुगडं कलशावरून, कपाळावरून, त्या खड्ड्यांवरून खाली घेतलं, दोनदा गुंडाळलं आणि मानेपाशी गाठ मारली. लेकराच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून बांधावं तसं नीट, न चुकता.

"कोनो झन देखव," ती लोकांना म्हणाली. कुणी बघू नका. मग खाली उभ्या इरावतीकडे तिनं पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो इरावतीला आयुष्यभर पुरणार होता. "तहूँ झन देख, दीदी."

तूसुद्धा बघू नको.

इरावतीनं मूर्तीकडे पाठ केली. समोर भार्गवराव एव्हाना सावरले होते. ते भैय्यालालला हातानं खुणावत होते, कपडा काढ, आधी तो कपडा काढ, साहेब उभे आहेत. भैय्यालाल एक पाऊल पुढं आला. इरावतीच्या मुठीत अर्धा नारळ अजून होता, त्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"हात तर लावून पाहा," ती म्हणाली.

भैय्यालालनं भार्गवरावांकडे पाहिलं, मग इरावतीकडे, आणि आपला डबा उचलून तो बगीच्याच्या फाटकाकडे चालू लागला. बायका हळूहळू आपापली पिंडीची ताटं उचलून उठल्या. लोक पांगेपर्यंत इरावती तशीच उभी होती, मूर्तीकडे पाठ करून, एकदाही मागं न बघता.

तीजेला आई लेकीला लुगडं देते. त्या वर्षी लेकीनं आईला दिलं, आणि श्रेयसनं तिला दुपारी बसस्टँडवर सोडलं तेव्हा रमशीला आली होती त्याच जुन्या लुगड्यात अभनपूरच्या बसमध्ये चढली.